शिकारीची जुनी बारूददाने जमवायची असल्यास काय पाहून घ्यावीत?

सोलापुरातल्या एका मोडवाल्याकडे हरणाचे चित्र उठवलेले पितळी बारूददान, म्हणजे बंदुकीची दारू ठेवण्याची डबी, आपण पाहिले आहे आणि ते खरोखर जुने असेल का, त्यापासून संग्रहाची सुरुवात करावी का, असे विचारले आहे. मी सोलापूरचाच असून बऱ्याच वर्षांपासून या वस्तू जमवतो. माझे मत असे की चित्र शेवटी पाहावे आणि तोंड आधी पाहावे, कारण नक्कल करणारा चित्रावर मेहनत घेतो आणि मापाच्या यंत्रणेत हात आखडतो.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुकीत प्रत्येक बारासाठी दारू मोजून ओतावी लागे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स, हॉक्सली अशा कारखान्यांनी तांब्यापितळेची जी बारूददाने घडवली, त्यांच्या तोंडाशी स्प्रिंगची खटकी असते. शिकारी नळीच्या टोकावर बोट धरून दान उलटे करी आणि खटकी दाबून नळी भरू देई. खटकी सोडताच आतली झडप मिटे आणि नळीत नेमकी एका बाराची दारू उरे. नळीची लांबी कमीजास्त करता येई आणि तिच्यावर अडीच, पावणेतीन, तीन असे ड्रॅमचे आकडे असत. एक ड्रॅम म्हणजे सुमारे १.७७ ग्रॅम. त्यामुळे आपल्या दानाची खटकी दाबून पाहावी, झडप घट्ट मिटते का आणि नळी सरकते का हे तपासावे. जुन्या दानाचे अंग पातळ पत्रा ठोकून घडवलेल्या दोन अर्ध्या भागांना कडेने डाख देऊन जोडलेले असते. शोभेचे नवे दान बहुधा ओतीव, जड आणि आतून खडबडीत असते, आणि त्याची खटकी नुसती दिखाऊ असते.

देशी बारूददाने हा याहून मोठा, आणि मला अधिक प्रिय, विषय आहे. तोड्याच्या (पेटत्या वातीने बार काढायच्या) बंदुकीला दोन दारू लागत: नळीत भरायची जाड आणि कानावर, म्हणजे बार पेटवायच्या छिद्राशी, घालायची बारीक रंजक. रंजकेचे दान म्हणूनच छोटे असते. आपल्या भागात म्हशीच्या शिंगाची दाने सापडतात, कारण शिंग हलके असते, दमट हवा आत येऊ देत नाही आणि त्यातून ठिणगी पडत नाही. मात्र सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात शिंगाला तडे जातात, म्हणून ते भिंतीवर उन्हात टांगू नये. मोगल काळातील कोरीव हस्तिदंती रंजकदाने संग्रहालयांतच पाहावीत. हस्तिदंत किंवा काळविटाचे शिंग असलेली वस्तू विकणे-घेणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, मग विक्रेता ‘आजोबांच्या काळातली’ म्हणून कितीही शपथा घेवो. १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असावे.

दानात जुनी दारू उरली असेल, तर ती निर्जीव झाली असे समजू नये. कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेट घेते. लोखंडी सळईने खरवडू नये. धातूच्या दानात पाणी भरून ठेवावे, म्हणजे सोरा विरघळतो, मग ते ओतून दान नीट वाळवावे. शिंगाचे दान मात्र पाण्यात बुडवू नये.

भावाचे म्हणाल, तर स्प्रिंग तुटलेले पण हात न लागलेले दान मी आनंदाने घेईन, आणि चिंचेने किंवा पितांबरीने घासून आरशासारखे केलेले दान अर्ध्या किमतीलाही टाळीन. जुने दान ज्या बाजूने अंगाला घासत आले, त्या बाजूचे नक्षीकाम झिजलेले आणि दुसऱ्या बाजूचे उठावदार असते. आपल्या दानाच्या दोन्ही बाजू अशा वेगळ्या आहेत का, हे मोडवाल्याकडे पुन्हा गेल्यावर पाहावे आणि मगच भाव करावा.