छावणीत मदतीला जाताय? रांगेत कोण नाही ते आधी बघा

पुरामुळे घर सोडावं लागलेल्या कुटुंबांच्या छावणीत आठ दिवस मदतीला जायचंय, सोबत काय नेऊ आणि तिथे काय करू, असं तुम्ही विचारलंय. नेण्याचं आधी उरकते. जुने कपडे नकोत. त्यांचे ढीग भिजून कुजतात आणि निवडत बसायला माणसं अडकतात. बाळांसाठी दुधाची पावडरही परस्पर वाटू नका. गढूळ पाणी आणि न उकळलेली बाटली म्हणजे तान्ह्याला जुलाब ठरलेले. धसक्याने दूध आटलं असं आई सांगते, पण तिला आडोसा, पोटभर जेवण आणि धीर मिळाला, बाळ वारंवार पाजलं, तर बहुतेक वेळा दूध परत येतं. एकटे जाऊ नका, तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेबरोबर जा. आपलं जेवण, पाणी, औषधं, अंथरूण आपलं न्या.

आता काम. वाटप सुरू झालं की सगळ्यांचं लक्ष रांगेकडे असतं. तुम्ही रांगेत कोण नाही ते बघा. उभं राहता येत नाही अशी म्हातारी माणसं, अपंग, ओली बाळंतीण, लहान पोरांना सोडून येता न येणारी एकटी बाई. आणि यादी 'कुटुंबप्रमुखा'च्या नावाने केली की एका छपराखाली राहणारी तीन बिऱ्हाडं एकच धरली जातात, विधवा सून सासऱ्याच्या नावाखाली दडून जाते. नातेवाइकांकडे आसऱ्याला गेलेली कुटुंबं तर छावणीच्या यादीत येतच नाहीत, आणि त्यांना ठेवून घेणाऱ्यांचंही धान्य संपत आलेलं असतं. म्हणून एक वही घ्या, तंबूतंबूत जा, खाली बसून बोला. माझ्या मते नवख्या माणसाच्या हातून होणारं सगळ्यात मोलाचं काम हेच.

मदतकार्याची 'स्फिअर' नावाची मानकं आहेत. स्वयंसेवी संस्था आणि रेड क्रॉस-रेड क्रेसेंट चळवळीने 1997 मध्ये ते काम सुरू केलं. माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, 20 जणांमागे एक शौचालय, तेही राहत्या जागेपासून 50 मीटरच्या आत, असे आकडे त्यात आहेत. ते पाठ करून जा, पण तेवढ्यावर थांबू नका. टँकर वेळेवर येतो, पण घरात एकच कळशी वाचलेली असेल तर 15 लिटर साठवायचं कशात? शौचालयं मोजून पुरेशी भरतात, पण आतून कडी लागते का? वाटेवर दिवा आहे का? मी अशा बायका पाहिल्यात, ज्या दुपारनंतर पाण्याचा घोटही घेत नव्हत्या, रात्री अंधारात तिकडे जावं लागू नये म्हणून. मग लघवीला जळजळ, ताप. नुसतं औषध देऊन ते थांबत नाही. कडी आणि दिवा लागतो. हे बायका पुरुष स्वयंसेवकाला सहसा सांगत नाहीत, म्हणून फिरताना सोबत एखादी बाई असू द्या.

बोलताना 'काय झालं, कसं झालं' असं खोदून विचारू नका. ज्याला सांगायचंय तो सांगतो, तेव्हा मध्ये न बोलता ऐका. 'सगळं ठीक होईल', 'घर मिळेल' असलं काही कबूल करू नका. मुलांचे फोटो काढू नका. एकटं सापडलेलं मूल ओळख सांगणाऱ्या कुणाच्याही हाती देऊ नका, नोंद करून बालसंरक्षण बघणाऱ्यांकडेच सोपवा.

निघायच्या आदल्या दिवशी वहीतली अर्धवट कामं पुढच्या माणसाला तंबू दाखवून समजावून द्या. आणि सुट्टी पुढे ढकलता येत असेल तर संस्थेला विचारून महिना-दीड महिन्याने जा. पहिल्या आठवड्यात माणसांची गर्दी असते. नंतर ती ओसरते, कुटुंबं मात्र तंबूतच असतात, आणि नुकसानभरपाईचे अर्ज, हरवलेली कागदपत्रं, शाळेचे दाखले ही किचकट कामं तेव्हाच सुरू होतात. त्या वेळी लिहिता-वाचता येणारा, चार वेळा कचेरीत खेटे घालायला तयार असलेला माणूस फार हवा असतो.