ठसका थांबला, तरी एक्स-रे?

प्रश्न: दाढेवर कॅप बसवून बघताना ती निसटून घशाकडे गेली. ठसका लागला म्हणून मी उठू लागले, तर डॉक्टरांनी मला बसू न देता कुशीवर वळवलं आणि ‘खोका, जोरात खोका’ म्हणाले. कॅप निघाली नाही, पण ठसका थांबला. तरी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढायला लावला. कॅप पोटात दिसली. त्रास नसताना हा खटाटोप कशाला?

उत्तर: तुमचे डॉक्टर भेटले तर मी त्यांची पाठ थोपटीन. आडवं असताना निसटलेली वस्तू पुष्कळदा जिभेच्या मुळाशी नुसती पडून असते. उठून बसलं की ती सरळ खाली उतरते. कुशीवर, डोकं खाली ठेवून वळवलं तर गालाकडे घरंगळते, मग चिमट्याने उचलता येते. न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट घालून चाचपायचं मात्र नाही, ती आणखी आत जाते.

तुम्हाला खोकता येत होतं, म्हणजे हवा जात-येत होती. आवाजच बंद झाला, खोकला निघेना, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोन्ही खांद्यांच्या मधे 5 जोरदार थापा, नाही निघालं तर बेंबीच्या वर आत-वर असे 5 झटके, आलटून पालटून. गरोदर बाईला झटके छातीवर द्यायचे. शुद्ध हरपली तर खुर्ची सपाट करून 30 वेळा छाती दाबायची, तोंडात डोकावायचं, 2 श्वास द्यायचे. रुग्णवाहिका तोवर कुणीतरी बोलावलेली हवी.

आता एक्स-रे. थांबलेल्या ठसक्यावर माझा तर मुळीच विश्वास नाही. कॅप श्वासनलिकेतून पुढे, बहुधा उजव्या फाट्यात (तो जास्त रुंद आणि सरळ असतो) जाऊन बसली, तरी तिच्या बाजूने हवा जात राहते. माणूस हसत घरी जातो आणि पुढे हटेना असा खोकला, नाहीतर फुप्फुसाच्या त्याच भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. तिथून ती ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, काढावी लागते. कॅप छातीत की पोटात, हे ‘बरं वाटतंय’ यावरून कसं कळणार?

पोटातली कॅप सहसा शौचावाटे आपसूक पडते. पोट दुखलं, उलट्या झाल्या, शौचातून रक्त गेलं तर लगेच दाखवा. आणि हो, सापडली तर तीच बसवू का, असं विचारणारे भेटतात मला! नवी करून घ्या. ती बसवताना जिभेमागे गॉजची घडी ठेवायला सांगा. थोडं मळमळेल, नाकाने श्वास घ्या.