यादी पाहून व्हॅनचालक ठेवता येईल का?

प्रश्न: रामबागेत आमचं पाळणाघर आहे. नवा व्हॅनचालक ठेवायचाय. लैंगिक गुन्हेगारांची सरकारी यादी आम्हाला पाहता येईल का? असा माणूस पुन्हा गुन्हा करतोच ना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: यादी २०१८पासून आहे, पण ती फक्त पोलीस आणि तपासयंत्रणांना दिसते. अमेरिकेसारखी ती सर्वांना खुली नाही आणि नसावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. गुन्हेगार बहुधा ओळखीतला, कित्येकदा घरातलाच असतो. त्याचं नाव जाहीर झालं की पीडित मूलही ओळखू येतं.

‘पुन्हा करतोच’ हेही खरं नाही. २००५मध्ये ८२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी ५-६ वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचं प्रमाण १३.७ टक्के निघालं. न नोंदलेले गुन्हे यात नाहीत, म्हणून खरा आकडा मोठाच असणार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७१नुसार बलात्काराचा गुन्हा दुसऱ्यांदा सिद्ध झाल्यास मरेपर्यंत तुरुंगवास किंवा फाशी आहे.

तुम्ही करायचं ते पोलीस पडताळणीचं. पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) नियम, २०२०नुसार ती ठरावीक काळाने करणं बंधनकारक आहे. अर्जात चालकाचे जुने पत्तेही लिहा. घोळ होतो तो बदलीवाल्यापाशी: कागद एकाचे, स्टिअरिंगवर दुसराच! त्याचीही पडताळणी हवी. आणि कोरा अहवाल आला तरी व्हॅनमध्ये मदतनीस बाई ठेवाच. पहिल्यांदा गुन्हा करणारा कुठल्याच यादीत नसतो. संशय आला तर १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा पोलीस ठाणं. पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार कळवणं सक्तीचं आहे.