हेल्मेट, सायकल आणि मुलांचे मोकळेपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहतो आणि गेली बेचाळीस वर्षे स्कूटर चालवतो, एकदाही पडलो नाही. आता शाळा सुटल्यावर नातवाला पुढे उभे करून सावकाश घरी आणतो. माझ्या डोक्याची काळजी घ्यायला मी समर्थ असताना हेल्मेटची सक्ती ही व्यक्तिस्वातंत्र्यावर गदा नव्हे काय?

उत्तर : ज्या कृत्याची झळ फक्त करणाऱ्याला लागते त्यात सरकारने पडू नये, हे आपले तत्त्व मलाही मान्य आहे. सार्वजनिक रस्त्यावरचे वाहन मात्र त्यात बसत नाही, कारण ते चालवण्याचा परवानाच मुळात अटींवर मिळतो आणि डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा भार घरच्यांना वाहावा लागतो. आंध्र प्रदेशातील हेल्मेटसक्तीच्या नियमाला असेच आव्हान दिले गेले, तेव्हा त्यामुळे मुक्त संचाराच्या हक्काचा भंग होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले.

आपल्या पत्रातले नातवाविषयीचे वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवरील दुसऱ्या व्यक्तीने चालकाच्या मागे, पक्क्या आसनावर बसले पाहिजे आणि कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाने, पगडी बांधणाऱ्या शिखांचा अपवाद सोडता, हेल्मेट घातले पाहिजे. पुढे उभे असलेले मूल अचानक ब्रेक दाबताच हँडलवर आदळते, आणि वाहन सावकाश असले तरी समोरून येणारा सावकाश येतोच असे नाही.

पुण्याला हा वाद नवा नाही. मुलींचे संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, तो परकीय सरकारने आपल्या चालीरीतींत हात घालू नये म्हणून. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. ज्या जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा आगरकरांवर प्रभाव होता, त्याने १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व मांडतानाच ते मुलांना लागू नाही, असे स्पष्ट केले होते. आपल्या डोक्यापुरता वाद आपण जरूर घालावा, पण नातवाला उद्यापासून मागे बसवावे आणि त्याच्या मापाचे हेल्मेट घ्यावे.

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. दहा वर्षांच्या मुलाला सायकलवरून एकट्याने मित्राकडे आणि टेकडीच्या पायथ्याशी खेळायला जायचे आहे. सासरे म्हणतात, ‘आम्ही या वयात कालव्यात पोहायचो.’ शेजारी म्हणतात, ‘काही झाले तर पोलीस तुम्हालाच धरतील.’ मी कोणाचे ऐकू?

उत्तर : मुलाने कोणत्या वयापासून एकटे बाहेर पडावे, हे ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७५ आहे. पण ते मुलाला मारहाण करणाऱ्या, टाकून देणाऱ्या किंवा जाणूनबुजून हेळसांड करून त्याला यातना होऊ देणाऱ्या पालकांसाठी आहे. विचारपूर्वक मुलाला मित्राकडे पाठवणारी आई त्यात येत नाही.

सासऱ्यांची आठवण खरी असली तरी ती काठावर परत आलेल्यांची आठवण आहे, कारण जी मुले बुडाली ती सांगायला उरली नाहीत. शिवाय त्यांचे मोकळेपण एका व्यवस्थेवर उभे होते. वाड्याला एकच दरवाजा असे, चौकात नळावर कोणी ना कोणी असे, आणि दुसऱ्याच्या पोराला हटकण्याचा अधिकार गल्लीतल्या प्रत्येक काकूला असे. पुणे सायकलींचे शहर होते, त्यामुळे रस्त्यावर धक्का लागला तर बहुधा गुडघा फुटण्यावर निभावत असे. आज सोसायटीतल्या मुलांच्या मोकळ्या जागेत मोटारी उभ्या आहेत आणि पदपथावर दुचाकी चढतात. धोका वाढवला मोठ्यांच्या वाहनांनी आणि घरात कोंडले मुलांना, याचे मला मनापासून दुःख होते. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या ३१ व्या अनुच्छेदात खेळाचा हक्क आहे. तेव्हा सुरक्षेच्या कायद्याची सक्ती आधी वाहनांवर व्हावी, मुलांवर नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

तोवर आपण एवढे करू शकता. दोन-चार वेळा त्याच्यासोबत जा, पण रस्ता त्याला दाखवू द्या. पौड रस्ता ओलांडावा लागत असेल, तर तेवढा भाग सायकलवरून उतरून, सिग्नलवरच ओलांडायचा हे ठरवा. सायकलला हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही, तरी घालायला लावा. टेकडीवर मात्र एकट्याने नको. दोघे-तिघे मित्र मिळून जाऊ देत.

प्रश्न : हडपसरहून क्लास लांब पडतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे. स्कूटर दिली तर चालेल का?

उत्तर : नाही. सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना मिळतो. नेहमीच्या स्कूटरला अठरा वर्षे पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाकडून वाहन चालवताना गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन चालकाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, हे आपण पुणेकरांनी विसरू नये. त्याला पीएमपी बसचा पास काढून द्या.

प्रश्न : मी चौदा वर्षांची आहे, सिंहगड रस्त्याला राहते. मी कुठे आहे हे आईबाबा दिवसभर मोबाइलवर पाहतात. मला खासगीपणाचा हक्क नाही का?

उत्तर : तुला तो हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि वर सांगितलेल्या बालहक्क कराराचा सोळावा अनुच्छेद तर मुलांच्याच खासगीपणाविषयी आहे. परंतु त्याच कराराचा पाचवा अनुच्छेद आईवडिलांना मार्गदर्शनाचा अधिकार देतो, तो मुलाच्या वाढत्या समजेनुसार. म्हणजे सातव्या वर्षी योग्य असलेली नजर चौदाव्या वर्षी तेवढीच घट्ट असू नये. न्यायालयापेक्षा घरातच मिटावा असा हा प्रश्न आहे. हे उत्तर आईबाबांना वाचायला दे आणि एक करार सुचव : क्लासला पोहोचल्यावर आणि तिथून निघताना तू स्वतः निरोप पाठवशील, अंधार पडल्यानंतर ठिकाण त्यांना दिसेल, दिवसा दिसणार नाही. महिनाभर तू निरोप चुकवला नाहीस, तर पुढच्या सवलतीविषयी पुन्हा एकत्र बसा.