बहिणीची स्टेरॉइडची गोळी

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला (वय ३४) वर्षभर अशक्तपणा होता. वजन उतरलं, अंग काळवंडलं. शेवटी ॲडिसनचा आजार निघाला. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांनी ती महिनाभरात हिंडूफिरू लागली. पण स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात, असं आत्या रोज म्हणते. बहीणही म्हणते, "आता बरी आहे, तर सोडून बघते." हळूहळू बंद करता येईल का?

उत्तर : नाही. तिला आज बरं वाटतंय ते या गोळीमुळेच.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. त्यांतून दोन संप्रेरकं (हार्मोन) येतात : कॉर्टिसोल रक्तदाब आणि साखर सावरून धरतं, अल्डोस्टेरॉन शरीरातलं मीठ राखतं. तुमच्या बहिणीच्या ग्रंथींनी हे काम सोडलं आहे. आत्यांची भीती खोटी नाही, पण ती दुसऱ्या ठिकाणची आहे. दम्यात, सांध्यांच्या काही आजारांत शरीराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त स्टेरॉइड दीर्घकाळ दिलं, तर हाडं झिजतात. इथे दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, म्हणजे शरीर एरवी स्वतः बनवतं जवळपास तेवढंच. ही भरपाई आहे.

काळवंडण्याचं तुम्ही लिहिलंत, त्यावरून एक बाई आठवल्या. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांना तीन महिने लोहाच्या गोळ्या देत राहिलो. एकदा नाडी बघताना तळहात उलटा झाला, तर रेषा पेन्सिलीनं गिरवल्यासारख्या काळ्या. सावळ्या माणसाच्या रेषा मुळातच गडद असतात, म्हणून विचारलं, "पूर्वीपासून अशाच?" त्या म्हणाल्या, "नाही, या वर्षातच." मग त्यांनी आपणहून सांगितलं की हल्ली त्या नुसतं मीठ चाटतात. कॉर्टिसोल कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जोर लावून एसीटीएच, म्हणजे ॲड्रिनलला कामाला लावणारं संप्रेरक, सोडत राहते, आणि तेच त्वचेतला रंग वाढवतं. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्येच हा रंग नोंदवून ठेवला होता. मी तो तीन महिने बघूनही पाहिला नव्हता, याची रुखरुख अजून आहे.

आता मुख्य गोष्ट. ताप आला की निरोगी शरीर कॉर्टिसोल आपोआप वाढवतं. बहिणीचं वाढवणार नाही, ते तुम्हाला गोळीतून वाढवायचं आहे. साधारणपणे ताप १००.४ च्या वर गेला तर मात्रा दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट. उतरला की पुन्हा नेहमीची. तिच्यासाठी नेमकं किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर वाट बघू नका. १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं, आणि तिथून थेट रुग्णालय. उशीर झाला तर रक्तदाब कोसळून जीव जातो. शस्त्रक्रियेपूर्वीही भूलतज्ज्ञांना आजार सांगायलाच हवा.

आणखी एक विचारून घ्या : ग्रंथी क्षयामुळे गेल्या का? क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन कॉर्टिसोल भराभर संपवतं. ते चालू असेल तर गोळीची मात्रा वाढवावी लागते.

तिच्या पर्समध्ये आजाराचं नाव आणि औषधं लिहिलेलं कार्ड कायम ठेवा. पुढच्या तपासणीला जाताना आत्यांनाही बरोबर न्या आणि इंजेक्शन कसं द्यायचं, ते तुम्ही दोघांनीही शिकून घ्या.