वाचकांचे प्रश्न : शेतघरामागचं पोहण्याचं टाकं आणि त्याचं नवं प्लास्टर

प्रश्न : आमच्या वावरातल्या घरामागे 20 बाय 12 फुटांचं, साडेचार फूट खोल आरसीसीचं पोहण्याचं टाकं आहे. बांधून अठरा वर्षं झाली. प्लास्टरचे पोपडे निघतात, तळ खरबरीत झाल्याने मुलांचे तळपाय सोलतात. मेमध्ये नातवंडं येतात, म्हणून मार्चअखेर काम काढायचं ठरवतोय. मिस्त्री म्हणतात, जुन्यावरच एक हात मारून देऊ. चालेल का?
*एक वाचक, हिंगणघाट तालुका*

दोन्ही करू नका. जुन्या सुटलेल्या थरावर नवा थर टाकला, तर खालचा सुटताना वरच्यालाही घेऊन सुटतो. आणि मार्चअखेरचं काम म्हणजे घोटाई आणि पाणी मारणं नेमकं एप्रिलच्या उन्हात. प्लास्टरमधलं पाणी सिमेंटशी जुळायच्या आत उडून जातं. मग वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि थर भुसभुशीत राहतो. नागपूरला 2013 च्या मेमध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता. आपल्याकडचं ऊन सिमेंटला वेळ देत नाही. यंदाचा मे जुन्या टाक्यावरच काढा आणि काम नोव्हेंबर ते जानेवारीत करा.

टाकं रिकामं करायची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे काळी माती पाण्याने फुगलेली असते, विहिरीची पातळीही वर असते. अशा वेळी टाकं रिकामं केलं, तर बाहेरचं पाणी तळाला खालून उचलतं. तळ मधोमध फुगतो, चिरतो आणि मग प्रश्न प्लास्टरचा राहत नाही. जवळच्या विहिरीतलं पाणी टाक्याच्या तळाच्या बरंच खाली गेल्याचं पाहूनच उपसा.

टाकं रिकामं झालं की दोन दिवस वाळू द्या आणि लहान हातोडीने वीतवीत अंतरावर ठोकत चला. घट्ट प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं भद वाजतं. भद वाजेल तिथे खडूने घेरा आखा. घेरे एकतृतीयांशाहून जास्त भागात भरले, तर सगळंच काढा. तुकड्यातुकड्यांच्या दुरुस्तीचे जोड पुढे फुटतात. कमी असतील, तर घेऱ्याच्या चार बोटं बाहेरपर्यंत चौकोनी कापून काढा.

उघड्या काँक्रीटला छिन्नीने दोन-दोन इंचांवर टाचे मारा आणि तारेच्या ब्रशने शेवाळ, जुना रंग, चुन्याचे थर साफ करा. गंजकी सळई दिसली, तर तिच्या मागूनही बोटभर काँक्रीट काढा, गंज घासा, गंजरोधक प्रायमर लावा आणि पॉलिमर मॉर्टरने, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-रेतीच्या मालाने भरा. सळईचा फक्त पुढचा भाग झाकला, तर मागचा गंज फुगून तेच प्लास्टर पुन्हा ढकलतो.

आता माल. तुमच्या टाक्याच्या भिंती आणि तळ मिळून साधारण 530 चौरस फूट होतात. 15 मिलिमीटरचा थर एकास तीन प्रमाणात धरला, तर सिमेंटची आठ-नऊ पोती आणि सुमारे 30 घनफूट रेती लागते. एका पोत्याला पावणेचार घनफूट रेती मोजून घ्या; घमेल्याच्या अंदाजावर सोडलं, की सिमेंट कमीच पडतं. रेती कन्हानची असो की दुसऱ्या नदीची, आधी काचेच्या बाटलीत पाहा. अर्धी बाटली रेती, वर चिमूटभर मीठ घातलेलं पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल, तर रेती धुऊन घ्या. वॉटरप्रूफिंग द्रव पोत्यामागे साधारण 200 मिलिलिटर, पण तुमच्या डब्यावर लिहिलेलं प्रमाण अंतिम माना.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी भिंती पाण्याने भिजवा. काम सुरू करताना पृष्ठभाग ओलसर हवा, पाणी निथळता नको. त्यावर एसबीआर लेटेक्सचा (जुन्या काँक्रीटला नवं प्लास्टर चिकटवणारा रबरी द्रव) हात मारा: एक भाग लेटेक्स, एक भाग पाणी, तीन भाग सिमेंट. इथे मिस्त्री सर्वांत जास्त चुकतात. सगळ्या भिंतीला एकदाच लेटेक्स लावून मग सावकाश प्लास्टर सुरू करतात. तोवर लेटेक्स वाळून गुळगुळीत पापुद्रा होतो आणि चिकटवण्याऐवजी थर वेगळा ठेवतो. बोट लावलं तर चिकट लागायला हवं. एका वेळी चार-पाच फूट लांबीच लावा आणि लगेच प्लास्टर मारा.

पहिल्या दिवशी भिंती, दुसऱ्या दिवशी तळ. भिंत आणि तळाच्या कोपऱ्यात दोन इंचांची गोलाई द्या, म्हणजे तिथे भेग पडत नाही आणि शेवाळही घासता येतं. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवा; घट्ट झालेल्या मालात पाणी ओतून पुन्हा वापरू देऊ नका. घोटताना कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका. त्याने पृष्ठभाग त्या दिवशी आरशासारखा दिसतो आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. तुमच्या सध्याच्या तळाचा खरबरीतपणाही बहुधा असाच आला असावा.

प्लास्टर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून भिंतींना ओला बारदाना लावा, तळ झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिथे दोन इंच पाणी ठेवा आणि वर हिरवी शेडनेट ताणा. सात दिवस ही किमान मुदत. दहा दिवस पाणी द्या. बारदाना दिवसातून एकदाही कोरडा पडता कामा नये, कारण ओलं-कोरडं होण्यानेही भेगा पडतात.

त्यानंतर दोन घटकांचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. डब्यावर 'कायम पाण्याखाली चालेल' असं लिहिलेलं पाहूनच घ्या. गच्चीचं कोटिंग वर्षभरात सुटतं. कोटिंग डब्यावर सांगितलेले दिवस सुकू द्या, मगच टाकं भरा.

प्रश्न : आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. बोअरच्या पाण्यावर टाकं चालवतो. प्लास्टरवर पांढरे डाग येतात, सळया गंजून बाहेर दिसताहेत. नवीन प्लास्टर टिकेल का?
*दर्यापूर परिसरातील वाचक*

टिकेल, पण माल कालवायला आणि प्लास्टरवर मारायला बोअरचं पाणी वापरायचं नाही. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड सळईपर्यंत पोचून गंज सुरू करतात. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीच्या कामाच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. जास्त निघालं, तर त्या दिवसांपुरता गोड्या पाण्याचा टँकर मागवा. हे पाणी कालवायला आणि भिजवायला; टाकं भरण्याचा प्रश्न वेगळा.

भरण्यासाठी बोअरचंच पाणी वापरायचं असेल, तर गंजरोधक प्रायमर, पॉलिमर मॉर्टर आणि वरचं कोटिंग यातलं काहीच वगळू नका. पांढरे डाग हलक्या ॲसिडने निघतात. दहा भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड, नेहमी ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचिंग पावडर सांडलेली असेल, तिथे ॲसिड अजिबात नेऊ नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो आणि टाक्याच्या खड्ड्यात तो साचून राहतो.

प्रश्न : ताडोबाजवळ आमचा होम-स्टे आहे. पूलला निळा इपॉक्सी रंग दिला होता. दुसऱ्याच वर्षी हात लावला की निळी भुकटी निघते. पुन्हा तोच रंग द्यावा का?
*मोहर्ली परिसरातील वाचक*

नाही. साधं इपॉक्सी सूर्याच्या अतिनील किरणांनी खडूसारखं भुरभुरतं. पाण्याच्या रेषेजवळ आणि उथळ भागात ते आधी दिसतं. भर म्हणजे, ओल्या भिंतीवर रंग दिला, तर आतली ओल फुगे आणते. ते तपासायला दीड फुटाचा पॉलिथिनचा चौकोन चिकटपट्टीने सगळ्या बाजूंनी बंद करून एक रात्र ठेवा. आतल्या बाजूला दव आलं, तर भिंत अजून रंगासाठी तयार नाही.

तुमच्याकडे पाहुणे रोज उतरतात, म्हणून टाइल्स परवडतील. फिकट, व्हिट्रिफाइड (पाणी फारसं न पिणाऱ्या) सिरॅमिक किंवा काचेच्या मोझॅक टाइल्स घ्या. गडद रंगाचा तळ दुपारी पाणी अधिक तापवतो. सिमेंटच्या घोळात बसवू नका, पाण्याखाली चालणारा पॉलिमर अ‍ॅडहेसिव्ह वापरा आणि जोड इपॉक्सी ग्राउटने भरा. जोडातलं इपॉक्सी रंगासारखं पातळ नसून जाड भरलेलं असतं, म्हणून तिथे टिकतं. टाक्याच्या काठाला गुळगुळीत काळा दगड टाकू नका. दुपारी पाय ठेवता येत नाही आणि ओला झाला की घसरतो.

प्रश्न : रोज पाणी कमी होतं. गळतं की उडतं, कसं ओळखायचं?
*उमरखेड तालुक्यातील वाचक*

बादलीत पाणी भरून ती टाक्याच्या पायरीवर, टाक्यातल्या पाण्यातच ठेवा. बादलीतली आणि बाहेरची पातळी पेन्सिलने आखा. दोन दिवस मोटर आणि पोहणं बंद. दोन्हीकडे सारखंच उतरलं, तर उन्हाने उडालं. मेमध्ये दिवसाला सेंटिमीटरभर उडणं नवल नाही. बाहेरचं जास्त उतरलं, तर गळती आहे.

भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून महिनाभर ठेवा. काच फुटली, तर भेग अजून हलतेय आणि ती कडक सिमेंटने भरून उपयोग नाही. लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं भरण, लागेल. हलण्याचं कारण बहुधा बाहेरची काळी माती असते. उन्हाळ्यात ती आकसते आणि भिंतीला लागून बोट शिरेल एवढी फट पडते. तेव्हा भरलेल्या टाक्याच्या भिंतीला बाहेरून आधार राहत नाही. चारही बाजूंनी दोन फूट रुंदीची काळी माती काढून मुरूम भरा, थराथराने ठोका आणि वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी करा. हे काम टाकं अर्धं भरलेलं असताना, एकेक बाजू घेऊन करा. चारी बाजू एकदम उघड्या करू नका.