वाचकांचे प्रश्न : होडी सरकते, नांगर कोणता घेऊ?

प्रश्न : ताई, आमची ५ मीटरची उघडी होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन गळ टाकायला जातो. सोबत साडेतीन किलोचा, छत्रीसारखा मिटणारा चार पंजांचा नांगर असतो. तळ वाळूचा. वारा जरा वाढला की होडी मागे मागे जायला लागते. ओळखीचे सगळे म्हणतात, १० किलोचा घेऊन टाका. घेऊ का? पाणी ३ मीटर असतं, दोर १२ मीटर आहे, साखळी लावलेली नाही.

उत्तर : १० किलोचा घेऊ नका. तो मिटणारा नांगरही या कामातून काढा. पण त्याआधी दोराचं आणि साखळीचं बघा, कारण तुमची होडी बहुतेक तिथूनच सरकते आहे.

आपल्याकडे शेतातल्या अवजाराला आणि होडीतल्या अवजाराला एकच शब्द आहे, आणि तो अगदी नेमका आहे. नांगर जमिनीत घुसला तरच कामाचा. फाळ वर राहिला, तर नांगर कितीही जड असो, तो नुसता घसरत जातो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था जे आकडे धरते त्यांनुसार २० फुटी, म्हणजे ६ मीटरच्या होडीवर १५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या वाऱ्यात साधारण ४० किलोचा ओढा धरायला हवा आणि ३० नॉटच्या वाऱ्यात १६० किलोचा. वारा दुप्पट झाला की ओढा चौपट होतो. त्यात लोखंड पाण्यात गेलं की त्याचं वजन आठव्या हिश्श्याने कमी भरतं. तेव्हा १६० किलोच्या ओढ्यापुढे साडेतीन काय आणि १० काय! होडी धरायची ती तळाने, आणि तळ फाळालाच धरतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी होडीत बसवत नाही. कमरेइतक्या स्वच्छ पाण्यात उभं करते, डोळ्यांना पोहायचा चष्मा लावायला सांगते आणि नांगर तळावर ठेवून लांबून हळूहळू ओढायला लावते. नांगर आधी कुशीवर पडलेला असतो. ओढला की फाळाचं टोक वाळूत बोटभर रुंद रेघ काढत येतं. मग कुठेतरी ते टोक अडतं, नांगर अंग वळवून सरळ होतो आणि वाळूचा एक छोटा ढग उठतो. ढग खाली बसला की दिसतं, फाळ अख्खा आत गेलाय, वर फक्त दांड्याचं टोक आणि कडी. आता दोघांनी मिळून ओढलं तरी तो हलत नाही. मग मी तोच दोर हातात गोळा करत नांगराच्या दिशेने चालत जाते. दोर उभा होत जातो, आणि मी एका हाताने नांगर उपसून वर काढते. त्या दोन मिनिटांत माणसाला जे कळतं ते मला तासभर बोलून सांगता येत नाही. ओढा आडवा असेल तोवर नांगर आत आत जातो, आणि दोर उभा झाला की तो आपणच बाहेर येतो.

आता तुमचा १२ मीटर दोर बघू. पाणी ३ मीटर. होडीच्या पुढच्या टोकाला जिथे दोर बांधता ती जागा पाण्यापासून अर्धा मीटर उंच. भरतीला पाणी आणखी २ मीटर चढतं असं धरा. म्हणजे खरी उंची साडेपाच मीटर. १२ मीटर दोर त्याच्या सव्वादोन पटसुद्धा नाही. शांत हवेत, होडीवर जागं कोणी असेल तर निदान पाचपट हवा. वारा असेल किंवा झोपायचं असेल तर सातपट. साडेपाच सत्ते साडेअडतीस, म्हणजे ४० मीटर दोर घ्या. सातपट सोडल्यावर ताणलेला दोर तळाशी जेमतेम ८ अंशांचा कोन करतो, तिपटीला तोच कोन १९ अंशांच्या पुढे जातो. पुष्कळ लोक नुसती पाण्याची खोली मोजतात; भरती आणि होडीची उंची त्यांच्या हिशेबात येतच नाही. सकाळी धरलेला नांगर दुपारी सुटतो तो यामुळे.

दोर नायलॉनचा, तीन पदरी पिळाचा. नायलॉन ताणतं, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत पोचता पोचता मऊ होतो. तुमच्या होडीला ८ मिलिमीटरचा दोर ताकदीला पुरेल, पण मी १० चाच सांगेन, कारण ओल्या हातांना बारीक दोर कापतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर नको. तो पाण्यावर तरंगतो, नांगराचा दांडा वर उचलतो आणि इंजिनच्या पंख्यात अडकतो. दोराच्या पुढे ५ मीटर साखळी, ६ मिलिमीटरची, जस्ताचा मुलामा दिलेली. तिचं वजन होतं सुमारे ४ किलो. जे जास्तीचं वजन तुम्ही नांगरात घालणार होता ते इथे घाला: ते दांडा खाली दाबून ठेवतं आणि खडकावर घासायचं काम दोराऐवजी साखळी करते. साखळी आणि नांगर जोडणाऱ्या शॅकलची, म्हणजे आडव्या पिनेने बंद होणाऱ्या लोखंडी कडीची, पिन तारेने बांधून टाका. नुसती घट्ट फिरवलेली पिन हलून हलून कधीतरी सुटतेच. आणि दोराचं दुसरं टोक होडीला बांधलंय ना, हे प्रत्येक वेळी बघा. अख्खा नांगर दोरासकट पाण्यात गेलेला मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिला आहे.

राहिला नांगराचा प्रकार. पंजांचा मिटणारा नांगर खडकाळ जागी कपारीत अडकतो, तिथे तो ठीक. वाळूत त्याची चार बारीक बोटं दाताळ्यासारखी ओरखडे काढत जातात, धरायला अंगच नाही. दोन चपट्या फाळांचा डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर वाळूत आणि चिखलात आपल्या वजनाच्या मानाने फार घट्ट बसतो. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर चढलेल्या लँडिंग क्राफ्टना, म्हणजे सैनिक उतरवणाऱ्या बोटींना, परत पाण्यात ओढून घ्यायला हेच नांगर वापरले. तो सपाट घडी होऊन ठेवता येतो, हेही छोट्या होडीत मोठं सुख. पण वारा फिरला तर त्याचा भरवसा मला वाटत नाही, आणि हे मी अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्या होडीवर तोच होता. संध्याकाळी वाळूत पक्का बसवून आम्ही झोपलो. मध्यरात्रीनंतर वारा उलट झाला, होडी फिरली, नांगर उपटला गेला आणि परत बसलाच नाही. जाग आली ती होडीचं बूड दगडाला घासल्याच्या आवाजाने. नांगर वर काढला तर फाळ आणि दांडा यांच्या फटीत एक शिंपला गच्च रुतला होता. फाळ हलू शकत नव्हते, मग ते वाळूत शिरणार कुठून?

त्यानंतर मी एकसंध फाळाच्या नांगरांकडे वळले. जेफ्री टेलर या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये शेतातल्या नांगराच्या आकाराचा सीक्यूआर नावाचा नांगर काढला, तो मुळात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. विमानाला जड नांगर परवडत नाही, म्हणून कमी वजनात जास्त धरणारा आकार त्यांनी शोधला. ही अक्षरं इंग्रजीत भरभर म्हटली की ‘सिक्युअर’ ऐकू येतं. पुढे याच घराण्यातला, बिजागरी नसलेला डेल्टा आला. अलीकडच्या पंचवीसेक वर्षांत खोलगट, खोऱ्यासारख्या फाळाचे नांगर आले. त्यांतल्या काहींना पाठीवर गोल कमान असते, न्यूझीलंडच्या पीटर स्मिथ यांचा रोक्ना हा त्यांतला एक. उलटा पडला तरी कमानीमुळे तो कुशीवर येतो आणि टोक लगेच वाळूत जातं. वारा फिरल्यावर तो सहसा तळातल्या तळात वळतो, आणि निघालाच तर पुन्हा धरतो. मुलं बरोबर असताना मला हा गुण सगळ्यात मोलाचा वाटतो. तुमच्या होडीला अशा घडणीचा ४ ते ६ किलोचा नांगर घ्या. नेमकं वजन बनवणाऱ्याच्या तक्त्यात होडीची लांबी पाहून ठरवा; दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं माप.

प्रश्न : आमच्या तलावाला तळाशी मऊ गाळ आहे. हलका ॲल्युमिनियमचा नांगर चालेल का? इतका हलका नांगर धरेल यावर विश्वास बसत नाही.

उत्तर : चालेल, आणि गाळात तर उत्तम चालेल. मऊ चिखलात फाळाचं क्षेत्रफळ सगळ्यात जास्त कामाला येतं, आणि ॲल्युमिनियममुळे त्याच वजनात मोठे फाळ मिळतात. फोर्ट्रेस या ॲल्युमिनियमच्या नांगरासारख्या नांगरांत फाळाचा कोन बदलता येतो: वाळूला ३२ अंश, मऊ चिखलाला ४५. गाळात जाताना ४५ वर करून जा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. हलका असल्यामुळे तो प्रवाहात पतंगासारखा तरंगत जातो, तेव्हा होडी पूर्ण थांबल्यावरच सोडा, आणि साखळी लावा. दुसरं, पाणगवतावर तो वरच्यावर घसरतो. गवत दिसलं तर कोणताही नांगर असो, मोकळ्या वाळूचा किंवा गाळाचा तुकडा शोधा. समुद्रातलं गवत तर नांगराने मुळासकट उपटतं आणि माशांच्या पिल्लांचा आसरा जातो. भूमध्य समुद्रात स्पेनच्या बॅलिएरिक बेटांभोवती पोसिडोनिया गवतावर नांगर टाकायला कायद्यानेच बंदी आहे.

प्रश्न : खडकात नांगर अडकला की दोर मागच्या कडीला बांधून इंजिनने ओढावा, असं भाऊ सांगतात. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. भाऊंना आजच सांगा, आणि हे उत्तर वाचायला द्या.

छोट्या होडीची मागची बाजू बुटकी असते, त्यावर इंजिनचं वजन आणि बहुतेक वेळा माणसंही तिकडेच बसलेली. नांगर अडकलेला असताना मागून जोर लावला की मागची कड खाली ओढली जाते आणि पुढची एक लाट सरळ आत येते. २००९ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर मेक्सिकोच्या आखातात एका २१ फुटी मोटरबोटीवरच्या चार तरुणांनी अडकलेला नांगर असाच मागे बांधून इंजिनच्या जोरावर ओढला. बोट उलटली. चौघांतला एकच जिवंत परत आला. ती माणसं तरुण होती, अंगाने दणकट होती, आणि बोट चांगली होती.

होडी नेहमी पुढच्या टोकाने नांगरायची. नांगर अडकला तर दोर आखूड करून होडी नांगराच्या बरोबर वर आणा, पुढच्या टोकाला पक्का बांधा आणि लाटेला वर उचलू द्या. होडीचं तरणंच त्याला सोडवतं. नाही सुटला, तर थोडा दोर सोडून हळूहळू उलट बाजूला जा आणि ज्या दिशेने तो घुसला त्याच्या विरुद्ध ओढा, तेही पुढूनच. खडकाळ जागी जाणार असाल तर आधीच नांगराच्या मागच्या अंगाला, फाळाजवळ, एक वेगळा बारीक दोर बांधून त्याला छोटा तरंगणारा गोळा लावून ठेवा. तो दोर ओढला की नांगर उलटा बाहेर येतो. यातलं काहीच जमलं नाही तर दोर कापा. त्यासाठी धारदार सुरी पुढच्या टोकाजवळ हाताशी असू द्या.

प्रश्न : नांगर खरंच धरलाय की नाही, हे पाण्याखालचं वरून कसं ओळखायचं?

उत्तर : हाताने. दोर सोडून झाला, होडी वाऱ्याने मागे सरली, की इंजिन अगदी मंद उलट टाका आणि दोन बोटं पुढच्या ताणलेल्या दोरावर ठेवा. नांगर घसरत असेल तर बोटांना थरथर लागते, मध्येच गचका, मग पुन्हा थरथर. खडीच्या रस्त्यावरून फळी ओढल्यासारखी. धरला असेल तर दोर हळूहळू कडक होत जातो आणि मग गप्प होतो. तो गप्प झाल्यावर उलटा जोर थोडा वाढवून अर्धा मिनिट थांबा.

मग किनाऱ्यावर एकामागे एक अशा दोन खुणा धरा, जवळचा खांब आणि मागचं झाड, होडीच्या बाजूला पडतील अशा. वाऱ्यात होडी डावी-उजवी झुलते तशी रेघ थोडी इकडेतिकडे होईल, पण परत जुळेल. ती एकाच बाजूला सरकत गेली आणि जुळायचं नाव घेईना, तर सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला सांगा, इंजिन सुरू करा आणि मगच दोर गोळा करायला पुढे जा.